वन्संच्या सुगंधाला पाय फुटले

"माझ्यासारखा माणूस शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो," सुगावासाहेब स्वतःची ओळख करून देताना म्हणत, "आणि या शंभर वर्षांपुरता तो येऊन बसलेला आहे. नजर म्हणाल तर घारीची, कान म्हणाल तर सशाचे, आणि नाक..." इथे ते थांबत, नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवत आणि समोरच्याला ते नाक नीट बघून घ्यायला सवड देत. नाक खरोखरच बघण्यासारखं होतं. चेहऱ्यावर आधी ते आणि मग उरलेल्या जागेत बाकीचे अवयव, असा सगळा प्रकार होता. "याला नुसतं नाक म्हणू नका. हे न्यायालय आहे. इथे आलेला वास खरं बोलल्याशिवाय सुटत नाही."

हे भाषण चालू असे तेव्हा शेजारी बसलेला घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून कुठल्यातरी घड्याळात तोंड लपवत असे. त्या न्यायालयाची आतली परिस्थिती त्याला एकट्याला ठाऊक होती. साहेबांना कित्येक वर्षांची जुनाट सर्दी होती. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी ते "आज हवा कशी प्रसन्न आहे" म्हणाले असते.

घड्याळवाला त्यांचा साडू. साडू हे नातं मोठं विचित्र. ते रक्ताचं नसतं, निवडीचं तर मुळीच नसतं. दोन बहिणींनी स्वतंत्रपणे केलेल्या दोन चुकांची ती बेरीज असते. निवृत्त होईपर्यंत सुगावासाहेब घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपत. लोकांच्या मागच्या दाराने आत शिरायचं आणि कोपऱ्यात वाकून बघायचं, ही सवय तेव्हा लागली ती लागलीच. निवृत्तीनंतर करायचं काय, म्हणून त्यांनी गुप्तहेर व्हायचं ठरवलं. आणि कार्यालय थाटायचं कुठे, म्हणून साडूच्या दुकानातलं अर्धं काउंटर घेतलं. घेतलं म्हणजे एके सकाळी येऊन बसले. 'येथे सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त होतील' या पाटीखाली त्यांनी 'तसेच रहस्येही' एवढीच छोटी पाटी ठोकली.

आजवर त्यांनी उकललेली रहस्यं दोन. एक हरवलेली छत्री, जी नेणाऱ्यानेच परत आणून दिली. दुसरा न्हाव्याचा गायब झालेला आरसा, जो न्हाव्याने स्वतःच नवी चौकट बसवायला दिला होता आणि विसरला होता. या दोन्ही यशांत साहेबांचा वाटा इतकाच, की त्या वेळी ते हयात होते.

अशा या कार्यालयात एका सोमवारी वन्सं आल्या.

रस्त्याच्या टोकाला त्यांचं भेटवस्तूंचं दुकान होतं. मागच्या खोलीत भट्टी होती. तिथे घड्याळवाल्याची धाकटी बहीण लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकर घाली आणि त्यातून पातळ काठांचे पेले, बुटक्या बाटल्या, झाकणाच्या डब्या घडवी. पुढच्या खोलीत तिची नणंद सुगंधी तेलं मिसळी आणि त्या पेल्यांत मेण ओतून मेणबत्त्या करी. ज्यांच्याकडे सगळं काही आहे अशांना भेट काय द्यायची, हा प्रश्न पडलेली बडी मंडळी तिथे येत आणि पिशवी छातीशी धरून परत जात. ही धाकटी आपल्या नणंदेला वन्सं म्हणे, म्हणून हळूहळू सगळा रस्ताच त्यांना वन्सं म्हणू लागला. पोस्टमनसुद्धा "वन्सं, इथे सही" म्हणे.

"माझ्या घरात फितुरी झालीय," वन्सं खुर्चीत न टेकताच म्हणाल्या.

सुगावासाहेबांनी डोळे मिटले. "बोलू नका. मी सांगतो. चोरी झालीय. काचेची."

"वासाची."

"तेच म्हणणार होतो."

वन्संनी सांगितलं ते असं. गावातल्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाईंना खास पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला मेणबत्त्या हव्या होत्या. पेला धाकटीच्या हातचा आणि सुगंध असा, जो दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. त्यांची अट तेवढी एकच. वन्संनी दार लावून, नाक झिजवून नवा सुगंध जमवला होता: संत्र्याची साल, ओलं लाकूड आणि मागून हळूच येणारा धूर. मालकीणबाई शुक्रवारी सकाळी पहिला घाणा बघायला येणार होत्या.

"आणि परवा मी बँकेत गेले," वन्सं म्हणाल्या, "तर कॅशियरला माझ्या मेणबत्तीचा वास. तिथून दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टर माझ्या तोंडात वाकलेले आणि त्यांच्या बाहीला तोच वास. मला तर तोंड मिटून विचारतासुद्धा येईना. तेलं कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. त्या खोलीत माझ्याखेरीज एकच माणूस येतं." त्यांनी घड्याळवाल्याकडे बघायचं टाळलं. "तुमची बहीण आहे, म्हणून नाव घेत नाही."

नाव न घेता घेतलेलं नाव फार लांबपर्यंत ऐकू जातं. घड्याळवाल्याच्या चिमट्यातून बारीक स्क्रू सुटला आणि फरशीवर कुठेतरी टणटणत गेला.

"शुक्रवारपर्यंत चोर सापडला नाही, तर दोन खोल्यांमधलं दार बंद करून भिंत घालणार आहे. गवंड्याला सांगून ठेवलंय. ती मागे, मी पुढे. तिने तिच्या काचा विकाव्यात, मी माझं मेण."

घड्याळवाल्याला हे फार लागलं. धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेच महिने घरात या दोघीच. लग्न होऊन आलेल्या मुलीने भट्टीपुढे उभं राहावं का, यावर सगळं घर कुजबुजत होतं तेव्हा तिच्या हातात पहिली नळी देणाऱ्या याच वन्सं होत्या. आणि आता त्याच भिंत घालायला निघाल्या होत्या. शुक्रवार यायच्या आत खरा चोर सापडायला हवा होता, आणि तो शोधायला नेमलेल्या माणसाला स्वतःचा चष्मा कपाळावर असल्याचं शोधायला त्या दिवशी अख्खी सकाळ पुरली नव्हती.

"काम घेतलं," सुगावासाहेब म्हणाले. "मात्र माझं नाक मी किरकोळ वासांवर खर्च करत नाही. प्राथमिक वास आमचे साडूभाऊ घेतील. अपील माझ्याकडे."

अशा रीतीने घड्याळवाल्याचं नाक सरकारजमा झालं. ते नाक तसं चांगलं होतं. गेले काही दिवस दुकानात मंद, गोडसर वास येतोय, हे त्याला कळलं होतं. घड्याळांसाठी आणलेल्या नव्या तेलाच्या कुपीचा असणार, असं समजून तो तेलावर खूश होता.

सोमवारी साहेबांचा सिद्धांत असा होता की सुगंध गटारातून पळवला जातोय. वन्सं भांडी धुतात, सुगंधी पाणी मोरीतून जातं, आणि पुढे कोणीतरी ते बाटलीत धरतं. त्यासाठी ते दुकानामागच्या गटारावर दुपारभर पालथे पडून राहिले. रस्त्यावरच्या चार सज्जनांनी त्यांना चक्कर आली समजून तोंडावर पाणी मारलं. संध्याकाळी ते उठले आणि म्हणाले, "गटार निर्दोष आहे. कसलाही वास येत नाही." घड्याळवाला त्यांच्यापासून वाऱ्याच्या उलट्या बाजूने चालत घरी गेला.

मंगळवारी सिद्धांत काचेत शिरला. धाकटीच्या काही पेल्यांना खाली उंच दांडी असे. "दांडी पोकळ," साहेब म्हणाले. "आत तेल भरायचं, वरून मेणाने बूच मारायचं, आणि चोरीचा माल राजरोस समोरच्या दाराने बाहेर." त्यांनी एक पेला उचलून कानाशी हलवला, मग जास्त हलवला, आणि मग त्याचे तुकडे झाले.

धाकटी भट्टीसमोर उभी होती. जाड चामड्याचा काळपट एप्रन, कपाळावर घाम. तिने तुकड्यांकडे पाहिलं.

"भरीव होती," ती म्हणाली.

"शंका फिटली," साहेब म्हणाले.

"तुमची फिटली ना? मग ठीक आहे. पुन्हा वितळवीन." ती तुकडे गोळा करत भावाला हळूच म्हणाली, "दादा, वन्सं माझ्याशी दोन दिवस बोललेल्या नाहीत. मीठ संपलं तर मांजराला सांगतात. काय झालंय रे?"

घड्याळवाल्याला खरं सांगवेना. "कामाचा ताण असेल," तो म्हणाला, आणि आपण खोटं किती वाईट बोलतो हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

बुधवारी पाळत होती. म्हणजे घड्याळवाल्याने रस्त्याने चालायचं, लोकांचा वास घ्यायचा, आणि मागून येणाऱ्या साहेबांना खुणेने सांगायचं: वास असेल तर उजवा कान खाजवायचा, नसेल तर डावा. अनोळखी माणसाच्या खांद्याशी नाक नेणं हे सोपं काम नाही. "आपल्या पाठीवर काहीतरी आहे" असं सांगून तो वकिलाच्या मागे वाकला. मुख्याध्यापकांपुढे त्याने मुद्दाम स्क्रू पाडला आणि त्यांच्या बाहीशेजारून वर आला. भाजीवाल्याकडे तो इतका वेळ घुटमळला, की भाजीवाल्याने त्याच्या हातात कोथिंबीर ठेवली आणि म्हणाला, "घरी नेऊन हुंगा."

निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. वकील: उजवा कान. मुख्याध्यापक: उजवा. बँकेचा कॅशियर, दाताचे डॉक्टर, विम्याचा एजंट: उजवा, उजवा, उजवा. भाजीवाला, नळ दुरुस्त करणारा, सायकलवाला: डावा. खुद्द घड्याळवाला: डावा.

सुगावासाहेब रस्त्याच्या मधोमध थांबले. "काही लक्षात येतंय, साडूभाऊ? ज्यांना वास येतो ते सगळे कसे आहेत? ताठ. टापटीप. कॉलरला सुरकुती नाही. आणि ज्यांना येत नाही ते? चुरगळलेले." त्यांनी घड्याळवाल्याच्या शर्टाकडे दुःखाने पाहिलं, तो शर्ट घरी उशीखाली घडी करून 'सरळ' केलेला असे. "याचा अर्थ उघड आहे. हा प्रतिष्ठितांचा कट आहे. गावातल्या वरच्या वर्तुळात हा सुगंध गुपचूप विकला जातोय."

तेवढ्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारातून ओरडला, "साहेब, तुमचे शर्ट तयार आहेत."

"नंतर," साहेब हात झटकून म्हणाले. "मी आत्ता एका वासाच्या मागावर आहे."

आणि अगदी त्याच क्षणी समोरून धाकटी गेली. काखेत चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. साहेबांनी साडूला खेचून पोस्टाच्या पेटीमागे लपवलं. पेटी एका माणसापुरतीच होती, त्यामुळे साहेब लपले आणि घड्याळवाला बाहेर राहिला.

"दादा," धाकटी थांबून म्हणाली, "पेटीमागे तुझे साडू का बसलेत?"

"गाठोड्यात काय आहे?" पेटीमागून खोल आवाज आला.

"एप्रन. इस्त्रीला टाकायला चाललेय. दर दोन दिवसांनी नेते."

ती गेल्यावर साहेब बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. "ऐकलंत? विचारल्याबरोबर उत्तर. अडखळली नाही, घाबरली नाही. इतकं साधं उत्तर खरं असूच शकत नाही. खरं उत्तर नेहमी गुंतागुंतीचं असतं, नाहीतर आमच्यासारख्यांची गरजच काय? त्या गाठोड्यात बाटल्या आहेत, साडूभाऊ. दर दोन दिवसांनी."

"ती माझी बहीण आहे," घड्याळवाला म्हणाला.

"न्यायालयाला बहीण नसते," साहेब म्हणाले आणि जोरात नाक शिंकरलं.

गुरुवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना घड्याळाच्या दुकानात बोलावलं. वन्सं आल्या, धाकटी आली. भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापल्या मताप्रमाणे निरनिराळी वेळ दाखवत होती. साहेबांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला होता आणि ते काउंटरच्या आपल्या अर्ध्या भागामागे उभे होते.

"गुन्हेगार," ते म्हणाले, "या खोलीत आहे."

मग त्यांनी गटारापासून सुरुवात केली आणि वकील, मुख्याध्यापक, टापटीप कॉलर अशी वळणं घेत गाठोड्यापर्यंत आणि वन्संच्या शुक्रवारच्या भिंतीपर्यंत आले. धाकटीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिचा चेहरा भट्टीसमोर होत नाही इतका लाल झाला.

"मी? मी तुमचा वास विकते?" ती साहेबांकडे वळलीच नाही. ती नणंदेकडे बघत होती. "वन्सं, तुम्हालाही तसंच वाटतं?"

वन्सं गळ्यातली किल्ली बोटांत फिरवत राहिल्या. "दुसरं कोणी आत येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काय समजायचं?"

"मग भिंतच घाला," धाकटी म्हणाली.  "फक्त मला नळी देताना तुम्ही काय म्हणाला होतात ते भिंतीच्या तुमच्या बाजूला लिहून ठेवा. म्हणाला होतात, जळलीस तर आधी मला हाक मार."

घड्याळवाला सहसा चिडत नसे. ज्याला दिवसभर केसाएवढी स्प्रिंग हाताळायची असते, त्याला चिडणं परवडत नाही. पण त्या दुपारी त्याने डोळ्याचं भिंग काढलं, काउंटरवरून पलीकडे वाकला आणि आपल्या थोरल्या साडूची इस्त्री केलेली कॉलर दोन्ही मुठींत पकडली.

"साहेब, आता पुरे," तो म्हणाला. "माझ्या बहिणीची माफी मागा, नाहीतर..."

नाहीतर काय, ते राहून गेलं. त्याचं नाक साहेबांच्या कॉलरपासून दोन बोटांवर आलं होतं. त्याने एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग कॉलर न सोडता उजवा कान खाजवायचा प्रयत्न केला.

"वन्सं," तो म्हणाला, "जरा इकडे या."

वन्सं आल्या, वाकल्या आणि ताडकन सरळ झाल्या. "संत्र्याची साल," त्या म्हणाल्या. "ओलं लाकूड. धूर."

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनीही खाली मान घालून स्वतःकडे पाहिलं. बराच वेळ त्यांचं मन पुराव्यांशी झगडलं, आणि माणूस अखेर शास्त्राशी प्रामाणिक निघाला.

"टापटीप कॉलर," ते पुटपुटले. "वरचं वर्तुळ. सगळी लक्षणं जुळतात." त्यांनी साडूकडे पाहिलं. "साडूभाऊ, मी यात सामील असेन अशी मला पुसटशीही शंका आली नव्हती. किती सफाईदारपणे मी मला चकवलं. मी माझ्यावर पाळत ठेवायला हवी होती."

याच वेळी दारात माई आल्या. माई म्हणजे साहेबांच्या पत्नी आणि घड्याळवाल्याच्या आकडसासू. हातात नवऱ्याचा जेवणाचा डबा. नवऱ्याची कॉलर मेहुण्याच्या मुठीत बघून त्यांना नवल वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही.

"सावकाश धरा, आत्ताच इस्त्रीची घडी मोडलीय," त्या म्हणाल्या.

"माई, यांच्या शर्टाला हा वास कसला?" घड्याळवाल्याने विचारलं.

"तो होय? इस्त्रीवाल्याकडचा. आठवडा झाला, त्याच्याकडून आलेल्या सगळ्या कपड्यांना येतो. मी तर आता उशांचे अभ्रेसुद्धा त्याच्याकडेच देते. वकिलाची बायको पायपुसणं देणार होती, मीच नको म्हटलं."

साहेबांनी कॉलर सोडवून घेतली.

"तुला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?" माईंनी डबा काउंटरवर ठेवला. "तीन दिवस रात्रीच्या जेवणाला मला सांगताय, फार मोठं रहस्य आहे, बायकांना कळायचं नाही. मी म्हटलं, नसेल कळत."

मग सगळी वरात कोपऱ्यावर गेली. इस्त्रीवाल्याला एवढी माणसं बघून आनंद झाला. त्याला वाटलं, गिऱ्हाइकं आली.

"वास ना? लोक फार खूश आहेत," तो म्हणाला. "मी काही केलं नाही हो, आपोआप सुरू झाला. म्हटलं, हाताला गुण आला." आणि त्याने कौतुकाने टेबलावरची चादर उचलून दाखवली. खाली इस्त्रीची जाड गादी होती, आणि तिच्या मधोमध परातीएवढा तुकतुकीत तेलकट डाग पसरला होता.

वन्संनी डागावर तळहात टेकला. गादी अजून कोमट होती. त्यांनी हात नाकाशी नेला आणि तिथेच ठेवला.

"हे कशाचं?" घड्याळवाल्याने विचारलं.

"मेणाचं असणार. त्यांच्या एप्रनवर मेणाचे थेंब असतात ना. मेण काढायचं तर वरून गरम इस्त्री फिरवायची. वितळून गादीत उतरतं, कापड लख्ख. त्यानंतर जो शर्ट गादीवर येईल त्याला गादीचा वास. एकच एप्रन येतो, त्याच्यावरच डाग. दुसरा कधी येतच नाही."

दुसरा येणार कुठून? चामड्याच्या एप्रनला कोणी इस्त्री करत नाही. पुढच्या खोलीत मेण ओतणारं माणूस एकच होतं. दोन आठवड्यांपूर्वी मालकीणबाई पहिल्यांदा दुकानात आल्या, तेव्हा त्यांची नजर वन्संच्या चुरगळलेल्या एप्रनवर क्षणभर थांबली होती, आणि त्याच संध्याकाळी वन्संनी फर्मान काढलं होतं: यापुढे माझा एप्रन कडक इस्त्रीचाच हवा. धाकटी बिचारी फर्मान पाळत होती. सुगंध कपाटातून पळाला नव्हता, त्याला स्वतः वन्संनीच अंगावर घालून, गाठोड्यात बांधून, दर दोन दिवसांनी गावभर वाटायला पाठवलं होतं.

वन्संनी तो हात पदराला पुसला. आयुष्यात त्यांनी माफी अशी फारशी कधी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्यांना येत नव्हतं. परतताना त्या धाकटीच्या दोन पावलं मागून चालल्या. दारापाशी आल्यावर म्हणाल्या, "मीठ संपलंय."

"मला सांगताय की मांजराला?" धाकटीने विचारलं.

"तुला," वन्सं म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

धाकटीने मीठ आणलं. पण एवढ्यावर भागलं असं तिचं तोंड सांगत नव्हतं, आणि ते घड्याळवाल्याला दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी तो मुद्दाम दुकान उशिरा उघडायचं ठरवून बहिणीकडे जाऊन बसला. सुगावासाहेबही जेवणाचा डबा घेऊन आले, कारण प्रकरणाचा समारोप करायचा होता. टेबलावर इस्त्री करून आलेला एप्रन घडी घालून ठेवला होता, पुठ्ठ्यासारखा ताठ. बाहेर मालकीणबाईंची गाडी थांबली. वन्संनी तो एप्रन उचलला, दोन्ही हातांनी चोळामोळा केला, पुन्हा एकदा पिळला, आणि मगच अंगात घातला. भट्टीजवळ धाकटीने ते पाहिलं आणि नळी तोंडाला लावायची विसरली.

मालकीणबाई आत आल्या. त्यांची नजर एप्रनवर गेली आणि थांबली.

"आमच्याकडे एप्रनला इस्त्री करत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "केली होती. त्यापायी तुमचा सुगंध अख्ख्या रस्त्याच्या अंगाला लागलाय. चूक माझी. आणि माझी चूक मी माझ्या भावजयीच्या माथी मारली. चार दिवस तिला चोर समजले. हे आधी सांगते, मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला." त्यांनी हे मालकीणबाईंना सांगितलं, पण आवाज मागच्या खोलीत पोचेल इतका मोठा ठेवला होता.

मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे बँकेतल्या कॅशियरला येतो तो...?"

"तोच."

"आणि आमच्या वकिलांना?"

"तोच."

"तो मी पाहुण्यांना नाही देऊ शकत," त्या म्हणाल्या.

"देऊच नका. मी दुसरा करते."

मालकीणबाईंनी एक पेला खिडकीकडे धरला. पातळ काठातून उजेड त्यांच्या हातावर आला. तो त्यांनी जरा इकडे-तिकडे हलवून बघितला, मग जपून खाली ठेवला. "पेला हाच राहू दे. सुगंध नवा जमवा, मी थांबते. आणि एप्रन," त्या जाता जाता म्हणाल्या, "असाच बरा दिसतो."

त्या गेल्या आणि त्यांच्याच मागून गवंडी आत आला. खांद्यावर थापी-ओळंब्याची पिशवी. "वन्सं, भिंत कुठे घालायची?"

 धाकटी मधल्या दारात येऊन उभी राहिली. वन्संनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"भिंत नको," त्या म्हणाल्या. "आलाच आहेस तर हे दार रुंद करून दे. दोघी एकदम जायला बघतो, तर अडकतो."

"अडकतो खऱ्या," धाकटी म्हणाली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा तिने वन्संच्या एप्रनची एक सुरकुती हाताने सरळ केली. वन्संनी ती पुन्हा चुरगळली. मग दोघींना हसू आवरेना. घड्याळवाल्याने खिशातलं भिंग काढून उगाचच पुसलं.

गवंड्याने चौकटीवर पहिला घाव घातला. धुळीचा लोट उठला. सुगावासाहेब अगदी जवळ उभे होते. त्यांनी एक शिंक दिली, दुसरी दिली, आणि तिसरी अशी दिली की कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. मग ते स्तब्ध झाले. त्यांचे डोळे विस्फारले. कित्येक वर्षांनी न्यायालयाचे दरवाजे उघडले होते.

त्यांनी हळूच श्वास घेतला, साडूचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला कोपऱ्यात ओढलं.

"साडूभाऊ," ते कुजबुजले, "वळून बघू नका. या खोलीत कसला तरी वास येतोय. संत्र्याची साल असावी. मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय."

घड्याळवाल्याने त्यांच्या हातात जेवणाचा डबा दिला, खांद्याला धरून दाराकडे वळवलं आणि दोघे साडू दुकान उघडायला गेले.